झेलिंदाचं वाक्य

१२ जानेवारी १९६३

शेतकरी संघाने नव्या वर्षाची वही फुकट दिली. प्रत्येक पानावर वर तारीख, खाली खताची जाहिरात. मी घेत नव्हतो. फुकट दिलेल्या गोष्टीमागे काहीतरी असतंच. झेलिंदा म्हणाली, "घे रे सेत्ती. रोज ज्या काळज्या मला सांगतोस त्या हिच्यात लिहीत जा. मला जरा उसंत मिळेल."

म्हणून लिहितो. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, मग बाप गेला आणि मी रानात कोळशाच्या भट्टीवर लागलो. अक्षर मोठं येतं, पण येतं.

आजची काळजी: उत्तरेच्या बुरुजावरची कौलं पुन्हा घसरली. मालक रोममध्ये, किल्ला इथे, आणि कौल कुणाच्या डोक्यात पडलं तर पकडणार मला. राखणदार मी आहे.

३० जानेवारी

मालकांचे कारभारी आले होते. मान खाली घालून, कागदांकडे बघत काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. हल्ली सगळेच पुटपुटतात. माझ्या तरुणपणी माणसं छातीतून बोलायची. सुदैवाने झेलिंदा तिथे होती. घरी आल्यावर तिने नेहमीसारखी माझी हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि सगळं नीट सांगितलं. हनुवटी धरायची ही खोड तिला अलीकडे लागली आहे. मला आवडत नाही, पण तिच्याइतकं स्पष्ट या गावात कुणी बोलत नाही.

तर असं आहे, की रोमची सिनेमावाली माणसं किल्ला भाड्याने घेणार आहेत. भुताचा सिनेमा. मला रात्रभर झोप लागणार नाही.

११ फेब्रुवारी

आले. तीन ट्रक आणि एक बस. थंडी अशी की अंगणातल्या हौदाचं पाणी दगड झालं आहे.

लोक येणार म्हणून मी आठवडाभर राबून मोठा दिवाणखाना झाडला होता, जिना पुसला होता, कोळिष्टकं काढली होती. दिग्दर्शक बाल्देस्की आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग त्यांची माणसं पोती घेऊन आली आणि सगळीकडे धूळ टाकायला लागली. विकत आणलेली धूळ. एक जण पंख्यासारखं यंत्र घेऊन डिंकाची कोळिष्टकं उडवत होता.

मी म्हणालो, "हे साफ कोण करणार?"

झेलिंदा इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. बराच वेळ बसून राहिली, बरगडीवर हात ठेवून. म्हणाली, "पायऱ्या वाढल्यात का रे या हिवाळ्यात?"

१४ फेब्रुवारी

यांचं काम मला समजत नाही. नायिका इंग्लंडची आहे, ती तिच्या भाषेत बोलते. सरदार झालेला माणूस जर्मन आहे, तो त्याच्या भाषेत उत्तर देतो. नोकर झालेला रोमचा आहे. तिघं एकमेकांवर ओरडतात, एकाला दुसऱ्याचं कळत नाही, आणि बाल्देस्की म्हणतात, छान. मध्येच बाहेर सुतार ठोकाठोक करत असतो, त्यालाही कुणी गप्प करत नाही.

बाल्देस्कींचा मदतनीस रुज्जेरो मला याचं कारण समजावत होता. पण त्याची दाढी एवढी की तोंड कुठे आहे ते शोधावं लागतं. दाढीत बोलणाऱ्या माणसाचं काय ऐकणार. मी मान हलवली.

झेलिंदाशी मात्र त्याचं चांगलं जमलं आहे. तो तिला मावशी म्हणतो आणि आमच्या चुलीपाशी येऊन बसतो.

१८ फेब्रुवारी

मोठी भानगड झाली. वाड्यातली म्हातारी कारभारीण व्हायला रोमहून जी नटी येणार होती ती बर्फावरून घसरून पडली. संध्याकाळी वीज गेली म्हणून झेलिंदा मेणबत्ती घेऊन दारात आली, तर बाल्देस्की तिच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, हीच.

मी म्हणालो, नाही. चांगल्या घरातली बाई अशी पडद्यावर दिसली तर गावचे आमिल्कारे पाद्री प्रवचनात नाव घेतील.

झेलिंदा म्हणाली, "घेऊ दे. छत्तीस साली माझ्या लग्नातसुद्धा ते माझं नाव चुकीचं घेत होते, आता तरी बरोबर घेतील."

एका प्रसंगाचं काम आहे. पाहुणी रात्री दार ठोठावते, दार उघडतं, आत कारभारीण उभी असते आणि एक वाक्य बोलते. तिने ते रुज्जेरोकडून पाठ करून घेतलं: "त्या खोलीत कुणी झोपत नाही, सिन्योरा. जी झोपली, ती उठली नाही." दिवसभर भांडी घासताना तेच म्हणत होती.

जेवताना मी विचारलं की गोष्टीत पुढे कारभारणीचं काय होतं. ती म्हणाली, "काही होत नाही. मी मेलेलीच असते. शंभर वर्षांपूर्वी. नंतर कुणीतरी पाहुणीला सांगतं, की या घरात अशी कुणी बाईच नाही."

माझा घास तोंडातच राहिला. मी म्हणालो, हे तू करायचं नाही.

"सेत्ती," ती म्हणाली, "मला एकदा तरी कुणीतरी सिन्योराच्या, मोठ्या बाईसाहेबांच्या समोर उभं केलंय. मला करू दे."

२१ फेब्रुवारी

झालं एकदाचं. 

झेलिंदा तिची चांगली शाल घेऊन गेली, जांभळी, आमच्या मुलीने, वेलियाने दिलेली. दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि सगळी माणसं मागे सरकली. अपशकुन टळावा म्हणून लोखंडाला हात लावतात, तसं कुणी खिशातली किल्ली चाचपली, कुणी दाराची कडी धरली. दिवेवाला तर शिडीवरून उतरून चालता झाला. सिनेमा-नाटकवाल्यांना जांभळा रंग चालत नाही म्हणे, त्याने मरण येतं. रुज्जेरोने घाईघाईने शाल गुंडाळून नेली आणि तिला काळी दिली. झेलिंदाला ते मजेचं वाटलं. मला नाही वाटलं.

मला दाराच्या मागे उभं केलं. ते मोठं दार आपोआप उघडल्यासारखं दिसायला हवं होतं, म्हणून मी आडोशाला राहून दोरी ओढायची. त्यामुळे सगळा वेळ मला तिची पाठ दिसली. अंबाडा, काळी शाल आणि मेणबत्तीचा उजेड कानाच्या कडेला.

ती वाक्य विसरली. पहिल्यांदा विसरली, दुसऱ्यांदा विसरली, तिसऱ्यांदा हसली. बाल्देस्की खुर्चीतून उठले. मग रुज्जेरो तिच्याजवळ जाऊन बराच वेळ काही सांगत होता. ती मान हलवत होती. मग तिने मागे वळून दाराच्या फटीतून माझ्याकडे बघितलं. मी दोरी ओढली. दार उघडलं. ती बोलली. बाल्देस्कींनी टाळ्या वाजवल्या.

मला मात्र एक अक्षर ऐकू आलं नाही. ती इतकी हळू कधी बोलत नाही. या लोकांत राहून तिलाही पुटपुटायची सवय लागली वाटतं.

२२ फेब्रुवारी

काल रात्रीपासून विचारतो आहे, शेवटी बोललीस काय? बरोबर बोललीस ना? चूक झाली असेल तर ते मालकांना सांगतील.

ती म्हणते, "रुज्जेरो म्हणाला, मावशी, वाक्य सोडा, तोंडाला येईल ते बोला. जपमाळ म्हणा, आकडे म्हणा. फक्त ओठ हलू देत."

"मग काय म्हणालीस?"

"सिनेमा आला की बघ, कळेल."

"आत्ता सांग."

"आत्ता नाही. तुला वर्षभर एक बरी काळजी पुरेल."

आणि कणीक मळायला लागली.

९ मार्च

गेले. किल्ला आता शांत आहे आणि घाण आहे. डिंकाची कोळिष्टकं निघत नाहीत, झाडूला चिकटतात. खऱ्या कोळ्यांनी त्यांच्यावर बस्तान बसवलं आहे.

रुज्जेरो निघताना झेलिंदाच्या दोन्ही गालांचे मुके घेऊन गेला. म्हणाला, सिनेमात सगळ्यांची नावं इंग्रजी करणार, तुमचंही करतो, झेलिंदा स्टोन. दिवसभर ती मला म्हणत होती, "मिसेस स्टोन आज स्वयंपाक करणार नाही." खरंच केला नाही. थकली होती. मी शिळा पाव आणि रानभाजी उकळून सूप केलं. फार खारट झालं. तिने खाल्लं.

१९ मार्च

संत जोसेफचा दिवस. गोड भजी केली. वेलिया नवऱ्याला घेऊन वितेर्बो शहरातून आली होती. माझी मुलगी चांगली आहे, पण बोलते ती चुलीशी, कपाटाशी, खिडकीशी. जावई ओरेस्ते मिशीत बोलतो. नेहमीसारखी झेलिंदा माझ्यासमोर बसली आणि ती दोघं काय म्हणतात ते मला सांगत राहिली. मी म्हणालो, मुलीला नीट बोलायला शिकवलं नाहीस. झेलिंदा म्हणाली, "चुकलंच."

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण यावरून आमचा वाद होतो. अंथरुणात पडल्यावर तिला बोलायचं असतं, आणि बोलून होईपर्यंत ती दिवा विझवू देत नाही. माझ्याकडे कुशीवर होऊन, दिव्याकडे तोंड करून बोलते. वीज जळते. मी म्हणतो, अंधारात बोल की. ती म्हणते, अंधारात मला आठवत नाही.

२६ मे

झेलिंदाला वितेर्बोच्या इस्पितळात ठेवलं आहे. डॉक्टर तोंडाला फडकं बांधूनच माझ्याशी बोलले. काहीही कळलं नाही. वेलियाला विचारलं, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

झेलिंदा म्हणाली, "काही नाही, पायऱ्या जास्त झाल्या." मग म्हणाली, "गळपट्टा कुठे आहे तुझा?" मे महिन्यात.

मला त्या जांभळ्या शालीचा विचार डोक्यातून जात नाही.

८ जुलै

झेलिंदा गेली. परवा पुरलं. हे पान भरायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगायला कुणी नाही.

१५ सप्टेंबर

कारभाऱ्यांनी किल्ल्याला दुसरा राखणदार ठेवला. वेलियाने मला वितेर्बोला आणलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खाली रस्ता. खोली चांगली आहे.

वेलिया माझ्यावर रागावलेली असते. तिचं म्हणणं मी ऐकत नाही. "तीनदा सांगितलं बाबा, तीनदा." मला एकदाही सांगितलेलं नसतं. काल ओरेस्तेला म्हणाली (ती माझ्याकडे बघत होती म्हणून समजलं), "आईलाच जमायचं त्यांच्याशी. मला नाही जमत."

मी खोलीत जाऊन बसलो. हे खरं आहे.

६ ऑक्टोबर

मला झेलिंदाचा आवाज आठवेनासा झाला आहे. शब्द आठवतात. कसे म्हणायची ते आठवत नाही. सकाळी उठल्यावर आधी तेच शोधतो, जसं खिशात किल्ली आहे ना ते बघतो.

मग एकदम सुचलं. सिनेमा. त्यात ती आहे आणि बोलली आहे. काय बोलली तेसुद्धा मला माहीत नाही, म्हणजे एक वाक्य अजून ऐकायचं शिल्लक आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी दोन वेळा पाव मागून घेतला. वेलियाने विचारलं, काय झालं?

मी सांगितलं. ती भांडी आवरायला लागली.

९ ऑक्टोबर

वेलियाशी भांडण झालं.

सिनेमा कधी लागणार ते विचार, म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो. शेवटी ती भांडं आपटून माझ्याकडे वळली आणि सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाली, "बाबा, त्या सिनेमात आईचा आवाज नसणार. ते नुसतं चित्र काढतात. आवाज नंतर रोममध्ये खोलीत बसून भरतात. दुसऱ्या बायका बोलतात. आईच्या तोंडात कुणातरी दुसरीचा आवाज असेल. समजलं?"

मी म्हणालो, असं कसं? तोंड एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा?

"सगळ्याच सिनेमांत असंच करतात. जर्मन माणूस इटालियन बोलताना दिसतो तो कसा?"

"तुझ्या आईला वेड लागेल हे ऐकून."

"आई वारली, बाबा. म्हणून सांगते, जाऊ नका. उगीच जीवाला लागेल."

दार आपटून गेली. आणि आज इतकं स्पष्ट कशी बोलली कोण जाणे. वाईट गोष्टी लोक बरोबर स्पष्ट बोलतात.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. गावी जाऊन आलो. थडग्याच्या दगडावर झेलिंदाचा फोटो बसवला आहे, चिनी मातीच्या गोल चकतीवर. वेलियाने ओळखपत्रावरचा दिला. त्यात तिने ओठ मिटले आहेत. फोटोवाल्याने सांगितलं असणार, बोलू नका. मी समोर बराच वेळ उभा राहिलो. शेवंतीची फुलं नीट केली. काहीच नाही.

वेलिया म्हणाली ते खरं असेल तर मी जाऊन काय करू? परकी बाई तिच्या तोंडातून बोलते आहे हे बघायला? ते तर त्या सिनेमातल्या भुतापेक्षा वाईट. आणि खरं नसेल आणि मी गेलो नाही तर? एक वाक्य शिल्लक होतं आणि ते मी तसंच सोडलं, असं होईल.

बसमध्ये वेलियाने माझ्या हातात चेस्टनटची पुडी ठेवली.  ती काही बोलली नाही, किंवा बोलली असेल, खिडकीकडे बघून.

२४ डिसेंबर

चणे आणि चेस्टनटचं सूप केलं होतं वेलियाने, आईसारखं. मिठाचं प्रमाण बरोबर. 

चर्चच्या दारावर सिनेमांची यादी लावली आहे, कुठला बघावा आणि कुठला बघू नये. न बघायच्या यादीत शेवटचा आमचा असणार, असं वाटतं. किल्ला आणि भूत असं नाव आहे. मी यादीखाली उभा राहून नाव पाठ केलं. आपली बायको न बघायच्या यादीत आहे याचं मला वाईट वाटायला हवं होतं.

१८ जानेवारी १९६४

नवीन वही घेतली नाही. जुनीतली मागची कोरी पानं पुष्कळ आहेत, विशेषतः जुलै-ऑगस्टची.

सिनेमा लागला. स्टेशनच्या बाजूच्या थिएटरात. मी एकटाच बघायला गेलो तर सिनेमाचं नाव तेच, पण बाहेर पाटीवर माणसाचं एकही ओळखीचं नाव नाही. सगळे इंग्रज. दिग्दर्शक कुणी एडगर बॉल्टन. मी घाबरून परत आलो. त्याच नावाचा दुसराच सिनेमा असणार.

वेलिया कामावरून येताना जाऊन बघून आली. घरात शिरताना कोट काढायच्या आधी म्हणाली, "तोच आहे. काचेच्या पेटीत किल्ल्याचा फोटो लावलाय. बॉल्टन म्हणजे तुमचे बाल्देस्की. आपल्या लोकांना इंग्रजांच्या भुताचीच भीती वाटते म्हणून नावं बदलतात. आपली भुतं काय, जेवायला बोलावतील."

मग खुर्चीवर बसली आणि बुटाकडे बघत काहीतरी म्हणाली.

मी म्हणालो, "काय?"

तिने वर बघितलं. "म्हटलं, मी येते उद्या तुमच्याबरोबर. एकटे जाऊ नका."

१९ जानेवारी

आजच लिहितो. विसरायला नको.

दुपारी गेलो. आत केव्हाही शिरता येतं, आम्ही शिरलो तेव्हा सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. सिगारेटचा धूर. वेलियाने माझा हात धरला होता. तिचा हात गार होता.

थिएटरातलं यंत्र अगदी वाईट. नुसती घरघर. ती गोरी बाई, तो जर्मन, सगळे तोंड हलवत होते आणि काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण माझा जिना दिसला. माझी धूळ दिसली, म्हणजे त्यांची. आमच्या पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांना चिकटून बसली होती आणि मला मात्र सारखं वाटत होतं, ती खिडकी नीट लागत नाही, पाणी आत येईल.

मग ते मोठं दार. ते हललं. ते मी ओढलं होतं. मी वेलियाला म्हणालो, "मी आहे मागे." कुणीतरी गप्प बसा म्हणालं असावं, कारण पुढचे दोघं वळले.

दार उघडलं आणि झेलिंदा.

इतकी मोठी. भिंतीएवढा चेहरा. मेणबत्ती हनुवटीच्या खाली धरलेली, त्यामुळे ओठ, दात, त्यांच्यामधली ती फट, सगळं दिव्याखाली असल्यासारखं. तिने सरळ माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली:

"सेत्ती, गळपट्टा बांध. दारात वारा आहे. सूप चुलीवर ठेवलंय, गार होऊ देऊ नकोस. मी आलेच."

स्पष्ट. एकेक अक्षर. एवढ्या घरघरीत तिचंच बोलणं तेवढं मला कळलं. तोच आवाज. कुणी दुसरी नाही. माझ्या आत जी जागा रिकामी झाली होती, तिथे तो आवाज जाऊन बसला. मी हसलो. मोठ्याने हसलो असणार, कारण पुढचे दोघं पुन्हा वळले. सगळं थिएटर भ्यालेलं होतं. सुपाला भ्यायचं काय त्यात?

वेलिया रडत होती. मी तिला म्हणणार होतो, ऐकलंस ना, पण अंधारात ती काय म्हणते ते समजलं नसतं. थोड्या वेळाने पडद्यावर जर्मन माणूस जिन्यावरून उतरत त्या गोऱ्या बाईला काहीतरी म्हणाला, आणि वेलिया अजूनच रडायला लागली. तिथे रडण्यासारखं काहीच नव्हतं. नुसता जिना उतरत होता.

मध्यंतराला दिवे लागले. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, मी म्हटलं होतं ना. सॉरी. मी तुम्हाला आणायलाच नको होतं. ती कुणीतरी रोमची बाई होती."

"कोण?"

"आवाज. आईचा नव्हता."

मी म्हणालो, "वेडी आहेस का? तुझ्या आईचं बोलणं मला कळत नाही? फक्त वाक्य चुकली. बाल्देस्कींच्या कसं लक्षात आलं नाही हेच नवल."

"कुठलं वाक्य चुकली? बरोबर तर होतं. त्या खोलीत कुणी झोपत नाही, सिन्योरा, जी झोपली ती उठली नाही."

"ते नाही म्हणाली ती. गळपट्टा बांध म्हणाली. सूप गार होऊ देऊ नकोस म्हणाली. मी आलेच म्हणाली."

वेलिया माझ्याकडे बघत राहिली. तोंड उघडं. आईसारखीच फट आहे तिच्या दातांत, माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेवढ्यात दिवे गेले.

उरलेला सिनेमा मी पाहिला नाही, डोळे मिटून बसलो. संपला तेव्हा मी उठलो, पण तिने मला खाली बसवलं. सिनेमा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तिकीट तेच चालतं, कुणी उठवत नाही. ओरेस्ते घरी उपाशी असेल, मी म्हणालो. ती हलली नाही.

पुन्हा ते दार आलं. दार हलायला लागलं तसं वेलियाने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. घाबरली असेल बिचारी. पण डोळे मिटले नाहीत, मोठे करून बघत होती. झेलिंदा पुन्हा तेच म्हणाली, एक शब्दही इकडेतिकडे नाही. मी बघितलं तर वेलियाचे ओठ हलत होते, आईच्या बरोबरीने.

ती उठली आणि मला हात धरून बाहेर घेऊन आली. भर थंडी. मला वाटलं सरळ बसकडे जाणार, पण ती मला रस्त्यावरच्या दिव्याखाली घेऊन गेली. तिथे उभी राहिली. माझा गळपट्टा सोडून पुन्हा नीट बांधला. मग माझी हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि सावकाश म्हणाली,

"बाबा. केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

तिने मान हलवली. "काही नाही. थंडी वाजते का तुम्हाला?"

"नाही."

"भूक लागली?"

"लागली."

"मग चला घरी. सूप आहे."

वेलिया आज किती स्पष्ट बोलली. शब्दन् शब्द कळला. मी तिला तसं सांगितलं. पुन्हा रडली. हिच्यापुढे काही बोलायची सोय नाही.

२ फेब्रुवारी

सिनेमा दुसऱ्या गावाला गेला. तोपर्यंत मी अजून दोनदा जाऊन आलो. झेलिंदा तेच म्हणते.

घरात काही दिवस विचित्र चाललं आहे. वेलिया काही सांगायचं असलं की टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर येते. भाजी चिरायला खिडकीपाशी बसायची, ती आता माझ्यासमोर बसते. ओरेस्तेने मिशी कापली. मी कारण विचारलं तर म्हणाला, "हिने सांगितलं." पहिल्यांदाच त्याचं तोंड दिसलं, माणूस वाईट नाही. थोडा थापाड्या आहे. पुढच्या आठवड्यात मला कुठल्याशा डॉक्टरकडे न्यायचं त्यांचं ठरलं आहे. पोट ठीक आहे म्हटलं, तर वेलिया म्हणते पोटाचा नाही.

त्याची काळजी आहेच. वहीत लिहून ठेवतो.

रात्री वेलिया निजायला जाताना दारात येते, दिव्याच्या उजेडात उभी राहून काय सांगायचं ते सांगते आणि मग दिवा विझवायला हात पुढे करते. मी तिला तो राहू दे म्हणतो. वीज जळते, मला माहीत आहे. पण झेलिंदा 'मी आलेच' म्हणाली आहे, आणि अंधारात तिला आठवत नाही.